पिशवीतली बाटली

७ जुलै १९९७, सोमवार

आयांनो! ज्यांना दिवसातून दहा जण "दूध पुरतं का?" असं विचारतात, आणि दहाव्याला काय उत्तर द्यावं ते ज्यांना कळेनासं होतं, त्या लिंबायत वस्तीतल्या तमाम आयांनो!

— समोर कोणी नाही. वही आहे फक्त. पण पंधरा वर्षं सभांत बोलल्यावर हाताला दुसरी सुरुवात येत नाही.

पुरतं! पुरतंय दूध! काल नळावर ओरडूनच सांगितलं. बायका हसल्या. एक म्हणाली, "ताईला प्रश्न विचारला की भाषण मिळतं."

पण आजपासून बरोबर सात दिवसांनी शाळा. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं. दुपारची पाळी, बारा ते पाच. रजा वाढवून मिळणार नाही, हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितलं. "बाई, पोरं तर सगळ्यांनाच होतात." होतात ना. पण सगळ्यांना म्हणजे कोणाला? तुम्हाला झालं होतं का सर? हे मनात म्हटलं. तोंडाने "बरं" म्हटलं. सभेतली उज्ज्वला आणि हेडमास्तरांसमोरची उज्ज्वला यांची एकदा गाठ घालून द्यायला हवी.

बाळ तीन महिन्यांचं होईल परवाच्या दिवशी. आठ वर्षांनी झालेलं पोर. शाळेच्या दाखल्यासाठी योगेश. पण सासूबाई धुडकूच म्हणतात. उकिरड्यावर टाकलेलं, नको असलेलं, म्हणजे कोणाची नजर लागायला नको. मी चिडते. अंधश्रद्धेवर किती बोलले आहे मी! त्या ऐकून घेतात आणि पुन्हा "मन्हा धुडकू" म्हणून उचलतात. माझी आई नाही, म्हणून त्या अमळनेरकडचं गाव सोडून चार महिने इथे येऊन राहिल्या आहेत. मला त्यांना जास्त काही बोलवत नाही.

पाच तास, आणि जाण्यायेण्याचं धरून साडेपाच. या साडेपाच तासांत त्याला कोण पाजणार? काय पाजणार?

आणि मी कोणत्या तोंडाने?

गेल्या ऑगस्टमध्ये महिला मंडळाच्या सभेत मीच बोलले होते ना: "बाटली ही आईची सवत आहे! आणि जी आई हाताने सवत घरात आणते, तिने स्वतःला आई म्हणवून घेऊ नये!" काय टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत शेजारची शोभा बसली होती, पाच महिन्यांची गरोदर. ती पण टाळ्या वाजवत होती.

मी तेव्हा आई नव्हते. हा पोटात होता, पण मला माहीतसुद्धा नव्हतं.


८ जुलै

हाताने दूध काढलं. अर्धा तास लागला, निघालं जेमतेम अर्धी वाटी. वाटी-चमच्याने पाजायला बसले. पुस्तकात लिहिलंय, वाटी-चमचा सगळ्यात चांगला, स्वच्छ करायला सोपा. पुस्तक लिहिणाऱ्याच्या मांडीवर धुडकू नव्हता. — योगेश!

पहिला चमचा थुंकला. दुसरा माझ्या पदरावर. तिसऱ्याला असा किंचाळला की समोरच्या खोलीतून विचारणा झाली.

सासूबाईंनी त्यांच्या ट्रंकेतून बोंडलं काढलं. पितळेचं, चोच असलेलं, माझ्या नवऱ्याला, भूपेंद्रला, त्यातूनच गुटी द्यायच्या म्हणे. त्याचाही उपयोग झाला नाही. ठसका लागला त्याला. माझा जीव अर्धा झाला.

"आंडोर भूक्या मरी जाई," सासूबाई म्हणाल्या, "नि तू वाटी-चमचा धरीसन बस!"

पोर उपाशी मरेल आणि तू वाटी घेऊन बस. खरं म्हणजे हेच वाक्य माझ्याही मनात होतं. फक्त मी ते शुद्ध मराठीत म्हणत होते.


१० जुलै

भूपेंद्र सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या मिलमधून येताना बाटली घेऊन आला. पावडरचा डबाही. मीच सांगितलं होतं. सांगताना खाली बघून सांगितलं.

आणि त्याने ती आणली कशी? वर्तमानपत्रात गुंडाळून, शर्टाच्या आत धरून! दारूबंदीच्या गुजरातेत! जिथे कागदात गुंडाळलेली बाटली बघितली की कुत्रीसुद्धा ओळखतात आत काय आहे ते! गल्लीच्या तोंडाशी छगन बसलेला. त्याचा दारूचा अड्डा आमच्या मंडळाने दोनदा उठवलाय. "बाटली फोडा, संसार जोडा" ही घोषणा माझी. आणि छगन मोठ्याने म्हणाला, "भूपेंद्रभाऊ, बाटली आणली वाटतं! अरे, ताईंसाठी आपण घरपोच दिली असती!"

भूपेंद्र हे सांगताना हसत होता. मला हसू आलं नाही.

"तू असा लपवत का आणलीस?"

"तूच म्हणालीस, कोणाला दिसू देऊ नको."

म्हणाले होते.

पावडर 'रवा' लिहिलेल्या स्टीलच्या डब्यात ओतली. मूळ डबा चेपून, कागदात बांधून दिला त्याच्याबरोबर, सचिनला टाकून दे म्हटलं. बाटली कुठे ठेवू? खोली एक. मांडणी उघडी. दार दिवसभर उघडं. नाहीतर बायका विचारतात, काय ताई, आजारी का? शेवटी खिळ्यावरच्या कापडी पिशवीत ठेवली. भाषणांचे कागद असतात तिच्यात. त्या पिशवीला कोणी हात लावत नाही.


११ जुलै

माझ्या हातून बाटली घेतली नाही. तोंड फिरवलं, अंगाशी लपला. मला आनंद झाला! आनंद! सोमवारी उपाशी राहील हे कळत असून.


१२ जुलै

नळावरून आले तर सासूबाई दारातच. "पी लिधं! समदं पी लिधं!"

मी नसताना त्यांनी दिली. सगळी प्याला. झोपलाही. ओठाच्या कडेला दुधाचा थेंब होता, तो माझा नव्हता.

सासूबाई इतक्या खुश होत्या. मी हंडा खाली ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. नंतर विचार केला: उज्ज्वला, कोणावर रागावलीस? म्हातारीवर? पोरावर? इंचभर रबरावर?


१४ जुलै, सोमवार

शाळा.

निघताना पोटभर पाजलं. वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेले नसते.

तिसऱ्या तासाला चौथीच्या वर्गात कविता म्हणत होते. बाहेर कोणाचं तरी तान्हं रडलं. आणि अंगातून दूध वाहायला लागलं. झाकायचं कसं? पदर दोन्ही बाजूंनी ओढून घेतला, फळ्याकडे तोंड केलं, आणि पुढची सगळी कविता फळ्यावर लिहून काढली. मुलं म्हणाली, "बाई, ही पाठ आहे आम्हाला." लिहा म्हटलं.

मधल्या सुट्टीत दूध काढून टाकायचं तर जागा कुठे? नकाशे ठेवायच्या खोलीत, दाराला पाठ लावून. भारताच्या नकाशावर दोन थेंब उडाले. देशातल्या प्रत्येक सभागृहात मातृत्वाचे गोडवे गातात, आणि आईला टेकायला एक कोपरा देत नाहीत! याच्यावर बोलायला हवं. कधी बोलणार? आणि कशी, पाठ दाराला लावून?

धावत घरी आले. उचलणार तोच सासूबाई मध्ये. "उनमाईन ऊनी तू! तापेल दूध से ते. पहिले पिळी टाक." उन्हातून आलीस, तापलेलं दूध आहे, आधी पिळून टाक. गावाकडे शेतातून येणाऱ्या सगळ्या बाया तसंच करतात म्हणे.

"आई, दूध तापत नसतं. शास्त्रात असलं काही नाही."

"तू पोरले शास्तर पाजस का दूध पाजस?"

तेवढ्यात त्यानेच निकाल लावला. असा झोंबला अंगाला की पिळायला वेळच उरला नाही.

तरी पितापिता डोळे उघडून माझ्याकडे बघत होता. ओळखलं का? का शंका घेत होता?


१६ जुलै, बुधवार

आज मी जे केलं ते इथे लिहिलं नाही तर कुठेच लिहिता येणार नाही.

सकाळी मंदाताई आल्या. मंडळाच्या उपाध्यक्ष, मागच्या गल्लीत राहतात. दारातच बसल्या, आत या म्हटलं तरी येईनात. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग हळूच:

"ताई, रागावू नका. तुमच्या घरी बाटली आली म्हणे."

"कोण म्हणालं?"

"गल्लीत काय लपतं! भाऊंना आणताना पाहिलं कोणीतरी. — मी नावं ठेवायला नाही आले हो. होतं घरोघरी. आमच्याच घरी काय आहे, तुम्हाला सांगायचं तर..."

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरी! मंदाताईंचे यजमान गणपतराव पितात हे लिंबायतला ठाऊक आहे. म्हणजे या दारूच्या बाटलीबद्दल बोलतायत! छगनच्या तोंडून निघालेलं इथपर्यंत आलं! दुधाच्या बाटलीचं कोणालाच माहीत नाही!

असं सुटल्यासारखं वाटलं मला. आणि मी म्हणाले, मीच म्हणाले, माझ्या या तोंडाने, "काय करणार हो मंदाताई. घेतात कधीतरी."

"कोण? भाऊ?"

"हो. महिन्यातून एखाद वेळ. तुम्हाला माहीतच आहे, पुरुषांचं कसं असतं."

मंदाताई माझ्याकडे बघतच राहिल्या. पर्सच्या चेनशी चाळा करत होत्या, तो थांबला. "बरं," म्हणाल्या. "मला वाटलं..." आणि उठल्या. नळावर दोघी उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं असणार.

नवऱ्याला दारुडा केला. स्वतःला वाचवायला. पोराच्या दुधाची बाटली लपवायला.


१७ जुलै

भूपेंद्रला पानाच्या टपरीवर कळलं. आला तेव्हा हसत होता. "माझ्या नावावर बाटली खपवलीस म्हणे. निदान ब्रँड तरी चांगला सांगायचास."

मग हसू गेलं. "माझे वडील कसे गेले ते तुला माहीत आहे, उज्ज्वला."

माहीत आहे. दारूने गेले. म्हणूनच तो थेंबाला शिवत नाही. म्हणूनच तर मी त्याच्याशी लग्न केलं.

सासूबाई चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "मन्हा आंडोर थेंबले शिवत नही, नि तू त्याले दारुड्या करी टाकं."

भाकरी मात्र माझ्या ताटात नेहमीसारखी मधली, फुगलेली वाढली. त्याने जास्तच वाईट वाटलं.


१९ जुलै

दूध कमी वाटतंय. वाटतंय का आहे? पूर्वी सकाळी दगडासारखं व्हायचं, आता नाही. सासूबाईंनी आज कबूल केलं, दोनदा ठरलं होतं तरी त्या तिसऱ्यांदाही बाटली देतात. रडला की देतात. मायेने देतात. आणि मी आल्यावर त्याला भूक नसते, तो नुसता चोखतो, झोपतो. मग माझं कमी होतं. मग बाटली वाढते. हे चाक मी गेल्या वर्षी सभेत हात फिरवून समजावून सांगितलं होतं! तेव्हा ते चाक दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावरून जात होतं.

दिवसाला सहा दुपटी ओली होतात का ते मोजते. आज पाच. का सहा? एक सासूबाईंनी धुवून टाकलं असेल.


२२ जुलै, मंगळवार

जुलाब.

सकाळपासून नऊ वेळा. हिरवट, पाण्यासारखे. शाळेत चिठ्ठी पाठवली आणि दवाखान्यात नेलं. नर्स मालतीबाई, तीस वर्षं याच वस्तीत पोरांची वजनं घेतायत. सगळ्यांना बेन म्हणतात, सगळ्यांना ओरडतात.

"वरचं काय देता, बेन?"

"काही नाही."

"पाणी?"

"नाही."

"गुटी?"

"नाही."

"तुम्ही शाळेत जाता ना? मग दुपारभर पोर काय पितं, हवा?"

माझ्या मागे रांगेत आठ-दहा बायका. त्यांतल्या निम्म्या माझ्या सभांना येणाऱ्या. मांडीवर पोराचे डोळे खोल गेलेले आणि मी रांगेकडे बघतेय!

मालतीबाई वाकल्या, कानाशी आल्या. "बाटली घेऊन या. आत्ता. रिक्षा करा. पोराला इथे ठेवा माझ्याजवळ."

गेले. पिशवीतून बाटली काढली. आणि पहिल्यांदा उजेडात धरून बघितली. निपलच्या आत पिवळं, वाळलेलं दूध. तळाला एक मुंगी. निपलला निळी शाई लागलेली. गेल्या वर्षीच्या भाषणाचा कागद त्याला चिकटला होता. माझं अक्षर.

उकळली कधी होती मी ती? पहिल्या दिवशी. नंतर नाही. उकळायची तर पातेलं चुलीवर ठेवायला हवं, आणि चूल दारातून दिसते. म्हणून मोरीत, गार पाण्याने, घाईघाईने. सासूबाईंनाही तसंच बजावलेलं. त्या काय करणार? मी सांगितलं ते त्यांनी केलं.

मालतीबाईंनी बाटली हातात घेतली, बघितली, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडणार. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन पातेली पाणी उकळायला तुम्हाला काय लाज वाटली, ते मला समजत नाही."

मग सगळं सांगितलं एकेक करून. अंगावरचं बंद करायचं नाही, उलट जास्त पाजायचं. ही मीठ-साखरेची पुडी, उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून, चमच्याने, थोडी थोडी. डोळे आणखी खोल गेले, लघवी थांबली, मान टाकली तर तडक मोठ्या हॉस्पिटलात, थांबायचं नाही. आणि बाटली अजिबात नको, तो बरा होईपर्यंत.


२३ जुलै

रजा टाकली. हेडमास्तरांना काय वाटायचं ते वाटो. दर अर्ध्या तासाने अंगावर घेते. टाळू खोल वाटते. सारखा हात जातो तिकडे. सात वेळा झालं.

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी धरून बसले होते त्याला, त्या ओवाळत होत्या.


२४ जुलै

पाच वेळा. लघवी तीनदा. तीनदा!


२५ जुलै

दोनदा. घट्ट. सकाळी हसला, सासूबाईंकडे बघून, माझ्याकडे नाही. चालेल.

धुडकू. धुडकूच बरं आहे.


२७ जुलै, रविवार

सोमवारपासून पुन्हा शाळा. मालतीबाईंनी सांगितल्याप्रमाणे आज सकाळी सगळं करून बघितलं. निघायच्या आधी पोटभर. त्याच्याही आधी काढून ठेवलेलं दूध, झाकून, मोरीच्या गार कोपऱ्यात. ते चार तासांच्या आत द्यायचं, पहिली पाळी त्याची. तेवढ्याने भागलं तर बरं. नाहीच भागलं तर मग एकदाच पावडरचं, डब्यातल्या मापाने, पातळ न करता. उरलेलं ओतून द्यायचं. मी आले की अंगावर. सासूबाईंनी चार बोटं पुढे करून चार गोष्टी पाठ म्हणून दाखवल्या. शाळेतल्या कुठल्याही पोरापेक्षा चांगल्या.

आणि बाटली उकळली. मोठ्या पातेल्यात, चुलीवर, दार उघडं ठेवून. दर मिनिटाला दाराकडे बघत होते. खोटं कशाला लिहू.

दहा मिनिटांत शोभा दारात. शोभा परभणीकडची, घरी साड्यांचं धागा कटिंगचं काम करते, नवरा आनंदा लूमवर, यंत्रमागावर. तिची स्नेहा सात महिन्यांची.

"ताई, ते पातेल्यात... बाटलीच हाय ना?"

"हो."

ती खालीच बसली. पदर तोंडाला. मला वाटलं हसतेय.

"म्या बी देते ताई. चौथ्या महिन्यापासून. साड्यांच्या गठ्ठ्यात ठेवते. कुनाला दिसू नये म्हनून."

"उकळतेस?"

"कशी उकळू? समोरून समदं दिसतंय ना." मग म्हणाली, "दोनदा दवाखान्यात नेलं लेकराला. सलाईन लावलं. डागतर म्हनले, काय वरचं देता? म्या सांगितलं, कायबी न्हाई."

"मला का नाही विचारलंस?"

"तुमाला?" तिने इतक्या साधेपणाने बघितलं माझ्याकडे. "तुमीच म्हनल्या व्हत्या ना. बाटली आईची सवत हाय, जी सवत आनते तिनं सोताला आई म्हनू नये. मला पाठ हाय ताई. लई चांगलं बोलल्या व्हत्या तुमी."

टोमणा नव्हता. कौतुक होतं! टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

तिने बोटांवर मोजून आणखी चौघींची नावं सांगितली. एकीची पिठाच्या डब्यात, एकीची गादीखाली. सगळ्या लपवतात. सगळ्या गार पाण्याने धुतात. सगळ्या माझ्या सभेला होत्या.

तिची बाटली आमच्या पातेल्यात टाकली. दोन बाटल्या एकमेकींवर आपटत उकळत होत्या. आम्ही दोघी बघत बसलो.


३० जुलै

मंडळाचं पत्र. रविवारी, ३ तारखेला सभा. विषय आईचं दूध. "उज्ज्वलाताई, गेल्या वर्षीचं ते सवतीचं वाक्य जरूर घ्यावे, महिलांच्या अजून लक्षात आहे."

आहे. मला माहीत आहे की आहे.

नाही म्हणून कळवू का? पोर आजारी होतं, खरंच कारण आहे. भूपेंद्रला विचारलं. तो धुडकूला पायावर झुलवत होता.

"जा. खरं ते बोल. आणि बोलता बोलता माझंही नाव साफ कर, काय? छगन हल्ली मला बघून ओळखीचं हसतो."


१ ऑगस्ट

तीन वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं. भीती वाटते. हजार लोकांसमोर कधी वाटली नाही. आता शंभर बायकांसमोर वाटतेय. त्या हसतील याची नाही. त्या म्हणतील, मग आमच्या पोरांचं काय झालं ते तुम्ही भरून देणार का? — याची.

कोणी खरंच असं म्हणालं तर मी काय करणार? उभं राहून ऐकून घ्यायचं.


२ ऑगस्ट, शनिवार

भाषण. शेवटी जमलं ते असं:

भगिनींनो! गेल्या वर्षी याच जागी उभं राहून मी तुमच्याशी खोटं बोलले. आईच्या दुधाबद्दल नाही! ते सोनं आहे, आजही म्हणते. डब्यावर गुबगुबीत पोरांची चित्रं छापणाऱ्यांवर आजही माझा राग आहे. आधी अंगावर, सकाळी अंगावर, कामावरून आल्यावर अंगावर, हे मी मरेपर्यंत सांगेन. पण जिला बारा ते पाच शाळा आहे, जिला लूमवर पाळी आहे, जिला गठ्ठा संध्याकाळपर्यंत परत द्यायचा आहे, तिला मी आई म्हणू नका म्हणाले. ते खोटं होतं. आणि ते ऐकून तुम्ही बाटल्या फेकल्या नाहीत. लपवल्या. मीही लपवली. माझ्या भाषणांच्या पिशवीत! माझं पोर त्या बाटलीने आजारी पडलं आणि मी नर्सला म्हणाले, वरचं काही देत नाही. माझ्या नवऱ्याला मी दारुडा ठरवलं. तो दारू पीत नाही, हे इथे सगळ्यांनी ऐकावं! आमच्या घरी जी बाटली आली ती ही!

(इथे बाटली वर धरायची. हात खाली घ्यायचा नाही, कोणी हसलं तरी.)

फोडू नका भगिनींनो. मीच शिकवलं होतं फोडायला, आता मीच सांगते. पर्समध्ये, पिशवीत, गठ्ठ्यात जी कोणाची असेल, ती आत्ता बाहेर काढा. इथे चूल पेटवली आहे. पातेल्यात टाका.

— एवढंच. सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "पातेलं मोठं ले. ते लहान पडी."


३ ऑगस्ट, रविवार

धुडकू अंगावर पितोय, म्हणून एका हाताने लिहिते.

बाटली वर धरली. कोणी हललं नाही. मग शोभा उठली. मग मागच्या रांगेतल्या दोघी. आणि मग मंदाताई पुढे आल्या, पर्सची चेन उघडली. नातीची बाटली. सूनबाई बाळंतपणापासून अंथरुणावर, दूध आलंच नव्हतं.

पातेल्यात टाकताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या दिवशी मी हीच दाखवायला आले होते, ताई. कशी धुवायची, किती द्यायचं, विचारणार होते. दारूचं तुम्ही काढलंत."

त्या दिवसाला आज अठरा दिवस झाले.

"नात कशी आहे?"

"कालपासून जुलाब. काही केल्या थांबत नाहीत."

पोट भरलं याचं. ऊठ उज्ज्वला. पुड्या घे, पातेलं घे, आणि मंदाताईंकडे जा.